आधी गळा, मग गणकयंत्र

दिवाळीच्या दिवसांत भांडू नये, असे जुने लोक सांगत. परंतु दिवाळी अंकात भांडायला त्यांचीही हरकत नसावी. काटे नसलेली चकली आणि वाद नसलेला दिवाळी अंक, दोन्ही सारखेच सपक. तेव्हा फराळाचे ताट बाजूला न सारता, खात खातच वाचकांनी माझे हे भांडण ऐकावे. भांडण कोणा माणसाशी नाही, एका प्रश्नाशी आहे. तो प्रश्न असा: “गुरुजी, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. कॉम्प्युटर कोणता घेऊ?”

पिंपळगाव बसवंतात मी तीस वर्षे गणित शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवली. आकडे आणि सूर ह्या दोहोंशी ज्याचा संबंध, त्याला संगणकही कळत असलाच पाहिजे, असा गावाचा तर्क आहे. तर्काचे काही असो, त्यामुळे माझ्या ओसरीवर ह्या प्रश्नाची वर्दळ वाढली आहे खरी. बागाईतदाराचा मुलगा विचारतो, आडत्याकडचा हिशेबनीस विचारतो, शाळेतल्या गाण्याच्या बाई विचारतात, हल्ली कीर्तनकारही विचारू लागले आहेत. प्रत्येकाच्या मोबाइलवर कोणत्या तरी चकचकीत यंत्राचे चित्र असते, आणि डोळ्यांत अशी श्रद्धा असते, की हे यंत्र एकदा उंबरठ्याच्या आत आले म्हणजे गाणे मागोमाग चालत येईल.

माझे म्हणणे असे, की हा प्रश्न पाचवा आहे. पहिला प्रश्न: काय मुद्रित करायचे? दुसरा: कोठे बसून आणि केव्हा? तिसरा: कोणत्या मायक्रोफोनने? चौथा: मुद्रित केलेले जपायचे कसे? ह्या चारांची उत्तरे आली, की पाचव्याचे उत्तर आपोआप निघते, आणि बहुधा आपण समजत होतो त्याच्या निम्म्या किमतीत निघते. पण आपली मंडळी पाचवा प्रश्न आधी सोडवतात, त्यातच सगळे पैसे संपवतात आणि पहिल्या चारांच्या जागा कोऱ्या ठेवून पेपर देतात. अशा विद्यार्थ्याला मी शाळेत किती गुण दिले असते, ते सांगायला नको.

एक उदाहरण देतो. आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने द्राक्षाचा हंगाम बरा गेला म्हणून दीड लाखाचा संगणक आणला. मुलगा गुणी आहे. गळा गोड, लयीची समज चांगली. दुकानदाराने त्याला पटवले, की ‘गेमिंग’चे यंत्र सर्वांत जोरदार, ते घेतले की गाण्याला काही म्हणून कमी पडणार नाही. यंत्र जोरदार निघाले, ह्यात वाद नाही. त्याच्या पोटात तांबडे-निळे दिवे लागतात, जणू बारा महिने लक्ष्मीपूजन. त्यातले सर्वांत महाग कार्ड खेळातली चित्रे रंगवण्यासाठी असते. साध्या गाण्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. मात्र ते तापते, म्हणून त्याला थंड ठेवायला पंखे, आणि पंख्यांना वारा द्यायला आणखी पंखे. मुलाने संध्याकाळी यमन मुद्रित केला आणि मला ऐकायला बोलावले. यमन होता, पण त्याच्या मागे, दूरच्या प्लॉटात औषध मारणारा ब्लोअर चालावा तसा एक अखंड घोष होता. मी विचारले, “तंबोरा कुठल्या स्वरात लावलायस बाबा?” मुलगा ओशाळून म्हणाला, “गुरुजी, तो तंबोरा नाही, पंखा आहे.”

आता कोणी म्हणेल, की गुरुजी, पंख्याचे सोडा, ध्वनिमुद्रण हे जड काम आहे, त्याला ताकद लागतेच. ठीक आहे. आपण गणित मांडू. चांगल्या प्रतीच्या मुद्रणात आवाजाचे माप एका सेकंदात ४८,००० वेळा घेतात, आणि प्रत्येक माप लिहायला ३ बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. तासाला होतात सुमारे ५२ कोटी, म्हणजे अर्ध्या गिगाबाइटहून किंचित अधिक. साध्या, वापरलेल्या लॅपटॉपमध्येसुद्धा हल्ली २५६ गिगाबाइटची साठवण असते. तिच्यातली निम्मीच जागा मोकळी धरली, तरी एका गळ्याचे दोनशे चाळीस तासांहून अधिक गाणे तीत मावते. रोज तासभर गायलात तर आठ महिने!

बरे, एकच गळा नको, सगळे भजनी मंडळ घेऊ. गवई, दोन टाळकरी, पखवाज, पेटी, मागचे झीलकरी, असे मिळून आठ मायक्रोफोन लावले. तरी सेकंदाला साडेअकरा लाख बाइट होतात. आजची साधी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली साठवण, सेकंदाला कित्येक कोटी बाइट लिहू शकते. तेव्हा निव्वळ मुद्रणासाठी सर्वांत बलाढ्य यंत्र घेणे म्हणजे टोमॅटोचे एक क्रेट बाजार समितीत न्यायला दहा चाकी ट्रक भाड्याने करण्यासारखे आहे. माल पोचेल, पण शहाणपणाचे भाडे कोण देणार?

दुसरा आक्षेप विलंबाचा. आवाज मायक्रोफोनातून संगणकात जाऊन कानातल्या हेडफोनपर्यंत परत यायला वेळ लागतो, आणि तो वाढला तर गाणाऱ्याची लय चुकते. ही अडचण खरी आहे, पण तिचा बागुलबुवा फार केला जातो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा विलंब हा तबलजी अकरा फुटांवर बसल्यासारखा. आमच्या देवळाच्या सभामंडपात तबलजी कित्येकदा त्याहून दूर बसतो आणि कोणाची लय बिघडत नाही. शिवाय मायक्रोफोन आणि संगणक ह्यांच्यामध्ये जी डबी लागते, जिला शास्त्रात ऑडिओ इंटरफेस म्हणतात आणि आमच्याकडे सगळे साउंडकार्डच म्हणतात, तिच्यात गाणाऱ्याचा आवाज संगणकात न पाठवता थेट कानात सोडण्याची सोय बहुधा असते. ती वापरली की स्वतःच्या आवाजापुरता हा प्रश्न उरतच नाही. विंडोज असेल तर त्या डबीच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर तेवढा घालून घ्यावा. लाखाचे यंत्र ज्या कामासाठी घ्यायला निघालात, ते काम एक बटण दाबून होते.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. ज्याला संगणकाच्या पोटातून सबंध वाद्यवृंद काढायचा आहे, पन्नास व्हायोलिने, सनया आणि नगारे एकाच वेळी वाजवायचे आहेत, नाटकाला किंवा चित्रपटाला पार्श्वसंगीत द्यायचे आहे, त्याला ताकद लागते. ती सगळी वाद्ये आधी मुद्रित केलेल्या नमुन्यांच्या रूपाने यंत्राच्या स्मरणात भरावी लागतात. तेथे १६ गिगाबाइटही अपुरे पडतात आणि ३२ किंवा ६४ घ्यावे लागतात. अशा माणसाने मोठे यंत्र खुशाल घ्यावे. परंतु माझ्या ओसरीवर येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना एक गळा, एक पेटी आणि एक तबला एवढेच मुद्रित करायचे असते. दहाव्याची गरज दाखवून नवांचा खिसा कापायचा, हा व्यापार झाला. सल्ला झाला नाही.

ह्यानंतर पंथ येतात. मॅकवाले आणि विंडोजवाले ह्यांचे भांडण पाहिले, की जुन्या शैव-वैष्णवांची आठवण होते. मॅकवाले सांगतात, आमच्याकडे गॅरेजबँड फुकट मिळते, आणि लॉजिक तर आमच्यावाचून कोठे चालतच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२० साली निघालेल्या एम१ मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, आणि गाणाऱ्याच्या दृष्टीने हा त्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण होय. विंडोजवाले म्हणतात, आमच्याकडे स्वस्ताई आहे, निवड आहे. हेही खरे. ऑडॅसिटी फुकट आहे, ती दोन्हीकडे चालते. रीपर बेताच्या किमतीत मिळते, तेही दोन्हीकडे चालते. मग निवाडा कसा करायचा? माझी कसोटी गावंढळ आहे. यंत्र बिघडले तर तुमच्या हाकेच्या अंतरावर ते कोणाला नीट करता येते? ट्रॅक्टर घेताना आपण हेच विचारतो ना, की सुट्टे भाग कोठे मिळतील आणि मिस्त्री कोण? संगणकाने असे काय पुण्य केले आहे, की त्याला हा प्रश्न विचारू नये?

गेल्या काही दिवसांत एक नवी भीती गावात आली आहे. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ‘तुमचा कॉम्प्युटर आता बाद’ असे लोकांना सांगण्यात येऊ लागले. बाद कशाने? परवा चालत होता तो आज गायचा थांबला काय? असल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, इंटरनेटशी त्याची गाठ घालू नये, हे मान्य. पण इंटरनेटची तार काढून त्याला निव्वळ मुद्रणाच्या कामाला जुंपता येते. नाहीतर त्याच्यावर लिनक्स चढवावे, तीवर ऑडॅसिटी आणि आर्डोर दोन्ही चालतात. म्हातारा बैल नांगराला चालत नसेल, म्हणून मोटेलाही चालत नाही असे थोडेच आहे?

आता ज्या गोष्टींना पैसे आणि डोके दोन्ही लावायला हवे, त्यांच्याकडे वळू. पहिली गोष्ट, जागा आणि वेळ. आमचे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर. रात्रंदिवस ट्रक. दिवाळीच्या सुमारास टोमॅटोचा बाजार भरात असतो, बागांची छाटणी होऊन फवारण्या चालू असतात, त्यात फटाके. आणि आमची घरे आता सिमेंटची, फरशीची. अशा खोलीत टाळी वाजवली तर ती भिंतींवरून चार वेळा परत येते. तेथे गाल तर गळा विहिरीतून आल्यासारखा ऐकू येणार, मग संगणक इंद्राच्या दरबारातून का आणलेला असेना. ह्यावरचा उपाय आपल्या आज्यांनी शिवून ठेवला आहे. तीन-चार जाड गोधड्या घ्याव्यात; गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगाव्यात, एक खाली अंथरावी. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून ठेवावे. खोलीचा घुमारा निम्म्याने तरी उतरतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवू नयेत. त्याने शोभाही जाते आणि कामही फारसे होत नाही.

गोधडी खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा भोंगा अडवत नाही, हेही स्पष्ट सांगतो. भोंग्यावर उपाय घड्याळाचा. पहाटे चारला उठावे. कार्तिकात तसेही काकड्याला उठतोच. त्या वेळी बाजार निजलेला असतो, ब्लोअर निजलेला असतो, आणि गळा जरा खर्जात असला तरी हवेत शांतता असते. ही शांतता कोणत्याही दुकानात, कोणत्याही हप्त्यावर मिळत नाही.

दुसरी गोष्ट, वीज. मुद्रणात जी एक बारीक ‘हूं’ येते, ती बहुधा घराच्या विजेची असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि अर्थिंग नीट नसले की ती तारांतून गाण्यात शिरते. लोक ह्यासाठी नवा संगणक घेतात! अहो, लॅपटॉपची चार्जरची वायर काढा आणि बॅटरीवर मुद्रण करा; पुष्कळदा ‘हूं’ जागच्या जागी मरते. आणि ऐन रंगात वीज गेली तरी गाणे जात नाही. आमच्यासारख्या गावात टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप बरा, त्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट, मायक्रोफोन. गाण्याचे सगळे सत्व ह्या एका दारातून आत येते. येथे चुकले ते पुढे कोणताही संगणक भरून काढू शकत नाही. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन नाजूक असतो, त्याला बहुधा ४८ व्होल्टची वीज लागते, आणि तो गळ्याबरोबर शेजारच्या कुकरची शिट्टीही प्रेमाने टिपतो. डायनॅमिक जातीचा दणकट, जवळून गाणाऱ्याचा. गजबजलेल्या घरात मी दुसरा पसंत करतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ नावाचा असा एक मायक्रोफोन १९६६ साली निघाला. तो आजही विकला जातो आणि आजही जगभर त्यात गातात. १९६६ साली घेतलेला संगणक आज कोणी वापरतो आहे काय? मग ज्याचे आयुष्य पाच-सात वर्षांचे त्याच्यावर तिजोरी रिकामी करायची, आणि जे नातवंडांपर्यंत पुरेल ते जत्रेतल्या दुकानातून घ्यायचे, हा कोणता हिशेब?

आणि मायक्रोफोन कसलाही असो, त्याच्या जवळ या. अंतर निम्मे झाले की गळ्याचा ध्वनिदाब दुप्पट होतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. चार फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात, म्हणजे अंतर तीनदा निम्मे झाले, म्हणजे गळा आठपट पुढे आला. एक पैसा न खर्चता आठपट! असा सौदा आमच्या बाजारात मी तरी पाहिला नाही.

हे सगळे मी कंजूषपणाने सांगतो आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून थोडा इतिहास. १९०२ साली गैसबर्ग नावाचा इंग्रजी कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला. हॉटेलातल्या खोलीत एक कर्णा आणि मेणाची तबकडी, एवढ्या सामग्रीवर त्याने गौहरजानचा आवाज टिपला. मायक्रोफोन नाही, वीज नाही, चूक पुसायची सोय नाही, आणि गायला वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. ती तीन मिनिटे आज सव्वाशे वर्षांनीही ऐकू येतात. आमच्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. घरात पहिले काम काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना टिपला. फितीला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई घरात करीत. यंत्र एकच होते. पण त्याने काय टिपायचे, हे डोक्यात पक्के होते.

परदेशातलेच प्रमाण हवे असेल त्यांच्यासाठी तेही देतो. बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका चार पट्ट्यांच्या यंत्रांवर झाली. आज फुकटच्या ऑडॅसिटीत त्याहून अधिक पट्ट्या मिळतात. आणि २०१९ साली बिली आयलिश ह्या अमेरिकन मुलीची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती बहुतांशी तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत मुद्रित झाली होती. पुढच्या वर्षी तिला ग्रॅमीचे सर्वांत मोठे बक्षीस मिळाले. आमच्या गावापुरते सांगायचे तर कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण पिंपळगावात झाले. त्यांचा टाक कोणत्या कंपनीचा होता, हे मला अजून कोणी विचारलेले नाही.

परंतु माझा खरा राग किमतीवरून नाहीच. तो पहिल्या प्रश्नावरून आहे: काय मुद्रित करायचे? मघाच्या त्या तरुणाच्या घरी त्याची आजी आहे. वय ऐंशीच्या पुढे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मुलाने मोठ्या हौसेने तिला आपल्या खोलीत नेले, दिव्यांच्या यंत्रापुढे खुर्चीवर बसवले, कानांना हेडफोन लावले आणि म्हणाला, “म्हण आजी.” आजी पाच मिनिटे बसली. मग म्हणाली, “आसं बसून न्हाई येत रे बाबा. जातं आन.”

जाते कांद्याच्या चाळीमागे पडले होते. त्यावर कोंबड्यांच्या पाण्याचे भांडे ठेवलेले. ते धुतले, त्याला नवा खुंटा ठोकला, पडवीत मांडले. आता अडचण अशी, की दीड लाखाचे यंत्र पडवीत येईना; त्याला टेबल हवे, पडदा हवा, भिंतीतली वीज हवी. शेवटी धाकट्या बहिणीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप बॅटरीवर सुरू केला आणि लांब वायर टाकून सहा हात दूर ठेवला. मायक्रोफोनच्या स्टँडखाली घडी केलेली गोधडी घातली, म्हणजे जात्याची घरघर जमिनीतून वर चढू नये. पहिला घास जात्यात पडला, हात फिरू लागला, आणि खुर्चीवर न आठवलेली ओवी न बोलावता आली. मग तासभर ओवीमागून ओवी. माहेरची, भावाची, विठ्ठलाची, आणि एक तर सासूवरची, जी ऐकून सूनबाई पदर तोंडाला लावून हसत आत पळाल्या.

लॅपटॉप घ्यावा ह्याचे दुसरे कारण हे. यंत्र आजीकडे गेले पाहिजे. आजी यंत्राकडे गेली तर ओवी वाटेतच राहते. दुकानदाराच्या पत्रकात हा गुण कोठे छापलेला नसतो, म्हणून मी तो येथे छापतो.

ह्या ओव्यांची किंमत ज्यांना कळली त्यांनी काय केले, तेही पाहा. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ ह्या पुण्याच्या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी बायकांपुढे बसून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी त्या हाताने लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक त्यांना मिळाले; शंभर तासांहून अधिक मुद्रणे झाली, आणि ओव्यांची मांडणी संगणकात करण्यात आली. २०१७ पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या ओव्या जगापुढे मांडतो आहे. क्रम लक्षात घ्या: आधी बाई, मग वही, मग टेप, मग संगणक. आमची मंडळी हा क्रम उलटा चालतात, आणि शेवटच्या पायरीपर्यंत, म्हणजे बाईपर्यंत, पोचतच नाहीत.

उलट मोठ्या यंत्राबरोबर एक मोठा मोह येतो, दुरुस्तीचा. ऑटोट्यून नावाची करामत १९९७ साली निघाली. तिच्या जनकाने आधी भूगर्भातले तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे गणित केले होते. ती गळ्याला ओढून ठरावीक स्वरांवर बसवते. सिनेमाच्या गाण्याला ते शोभत असेल. पण ओवीतला कोमल-तीव्रांच्या मधला जो स्वर आहे, जो माझ्या पेटीतही नाही, तो ह्या यंत्राला चूक वाटतो. आजीची चूक दुरुस्त करणारा हा कोण?

आता चौथा प्रश्न, जपण्याचा. घरच्या संगणकाचे खरे मोल मला येथे दिसते. आमच्याकडे कांदा पिकवण्याइतकेच कौशल्य तो चाळीत टिकवण्यात आहे. वारा खेळता ठेवायचा, अधूनमधून निवड करायची, सडका कांदा बाहेर काढायचा. मुद्रणाचेही तसेच. मूळ प्रत ‘वेव्ह’मध्ये ठेवावी, एमपी३ ही पाहुण्यांना वाटायची प्रत, तीत आवाजाचा काही भाग जागेसाठी कायमचा टाकून दिलेला असतो. प्रत्येक फाइलला गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख द्यावी. ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’ असली बारशी करू नयेत. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, मुलीच्या सासरी म्हणा. वर्षातून एकदा, दिवाळीला घर आवरताना, सगळ्या प्रती उघडून ऐकाव्यात. उघडत नसेल ती लगेच दुसरीवरून नवी करावी.

एवढे सगळे ऐकूनही जो म्हणेल, “ते झालं गुरुजी, पण कॉम्प्युटर कोणता?” त्याला आता उत्तर द्यायला माझी हरकत नाही. लॅपटॉप घ्यावा. गेल्या पाच-सहा वर्षांतला, मधल्या ताकदीचा. कचेरीत वापरून विकायला काढलेला चालेल. स्मरण ८ गिगाबाइटहून कमी नको, १६ असेल तर उत्तम. साठवण एसएसडीच हवी. ती वेगवान असते आणि तिचा आवाज होत नाही. यूएसबीची दोन भोके तरी हवीत. बॅटरी दोन तास टिकली पाहिजे. आणि घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी: दुकानात यंत्र अर्धा तास चालू ठेवावे, मग त्याला कान लावून ऐकावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. पंखा ऐकू आला तर पुढचे यंत्र पाहावे. शंभर रुपये असतील तर चाळीस संगणकावर, चाळीस मायक्रोफोन, साउंडकार्ड आणि हेडफोन ह्यांवर, आणि वीस प्रती ठेवण्याच्या डिस्कांवर घालावेत. गोधड्या घरच्याच.

ह्या वर्षी पाडव्याला पुष्कळ घरांत नवी यंत्रे येतील. येऊ देत, माझा त्यांना शाप नाही. माझे मागणे एवढेच, की यंत्राची पूजा करण्याआधी घरात कोणाला काय गाता येते, ह्याची एक यादी करावी. भाऊबीजेला सगळे जमतात, एका बैठकीत यादी होते. काकांची गवळण, मावशीचे मंगळागौरीचे गाणे, आजोबांचा पोवाडा, धाकटीची बडबडगीते. यादी झाली की त्यांतल्या सर्वांत वृद्ध माणसापासून सुरुवात करावी, हाताशी असेल त्या यंत्राने, मग तो खिशातला मोबाइल का असेना. नवा संगणक पुढच्या वर्षी आणखी चांगला आणि आणखी स्वस्त मिळेल. गळ्याचे तसे नाही.